पुस्तक फळीवर, नोंद परागंदा

घरातले सामान नव्या कपाटात लावले म्हणजे पुढचे काही दिवस घरातील प्रत्येक माणूस काही ना काही शोधत फिरतो. वस्तू हरवलेल्या नसतात. हात सवयीने ज्या जागेकडे जातो ती जागा तेवढी बदललेली असते. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ असे आपण हसून म्हणतो आणि दोन-चार दिवसांत नव्या जागा अंगवळणी पडतात. संगणकाला मात्र अशी शंकाच येत नाही. तो सवयीच्या जागी पाहतो आणि वस्तू दिसली नाही की ‘अशी वस्तू नाही’ असे ठामपणे सांगून मोकळा होतो. यंत्र खोटे बोलत नाही या समजुतीने आपणही त्याच्यावर विसंबतो. अशा विसंबण्यापायी आमच्या गावात एका भल्या माणसावर आळ कसा आला आणि तो कसा दूर झाला, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यात आमचे गाव आहे. इकडे घरात मराठी, बाजारात कन्नड आणि एस. टी. स्टँडवर दखनी बोलणारा माणूस सकाळपासून दुपारपर्यंत तीन भाषांतून सहज ये-जा करतो आणि त्याचे त्याला काही विशेष वाटत नाही. गावात एक जुने मराठी वाचनालय आहे. चौदा कपाटे, दोन लांब बाके, भिंतीवर थोरामोठ्यांच्या तसबिरी आणि टेबलावर एक संगणक, असा त्याचा एकूण संसार. या संगणकाची देखभाल गेली काही वर्षे आम्ही हौसेने करीत आलो आहोत. मदतीला बीदरच्या महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकणारा, गावातलाच एक मुलगा असतो.

वाचनालयाजवळ पैसा बेताचाच. म्हणून आरंभापासून या संगणकावर विनामूल्य मिळणारी डेबियन लिनक्स ही प्रणाली आहे. युनिक्स नावाची मूळ प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मली. तिच्या धर्तीवर लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या तरुणाने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला, आणि १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी त्याभोवती डेबियनची उभारणी सुरू केली. डेब्रा आणि इयान या दोन नावांची सांगड घालून हे नाव सिद्ध झाले. जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात. तिच्या आवृत्तींना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांतील पात्रांची नावे देण्याची प्रथा आहे. आमच्या यंत्रावर नववी आवृत्ती, म्हणजे ‘स्ट्रेच’, होती.

आता प्रश्न असा की, सुरळीत चाललेल्या यंत्राला हात लावावाच का? कारण असे की प्रत्येक आवृत्तीच्या संरक्षणाची मुदत ठरलेली असते. नवे दोष सापडतात, ते बुजवावे लागतात, आणि जुन्या आवृत्तीसाठी हे काम कोणी जन्मभर करीत बसत नाही. नवव्या आवृत्तीची वाढीव मुदतही २०२२ च्या जूनअखेर संपली. त्यानंतर ते यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे दाराला कडी न लावता झोपण्यासारखे होते. यास्तव जुलैमध्ये, सर्व माहितीची प्रत काढून ठेवून, आम्ही ते दहाव्या आवृत्तीवर, ‘बस्टर’वर, नेले. शेकडो पॅकेजे उतरली, एकामागून एक बसली. यंत्र पुन्हा सुरू झाले, पडद्यावर वाचनालयाची यादी दिसली, दोन-चार पुस्तके शोधून पाहिली, तीही सापडली. कामाचे घोडे गंगेत न्हाले असे वाटावे, अशीच सारी लक्षणे होती.

पॅकेज म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. या घराण्यातील प्रणालींत प्रत्येक कार्यक्रम एका गाठोड्यात बांधून येतो आणि त्या गाठोड्यावर लिहिलेले असते की, मला आणखी अमुक-अमुक गाठोडी लागतात. एकत्र कुटुंबात सून, जाऊ, दीर सगळे एकाच चुलीवर अवलंबून असतात, तसे हे असते. शेकडो कार्यक्रम एखाद्याच सामाईक ग्रंथालयाचा आधार घेतात. (संगणकाच्या भाषेतही त्याला ग्रंथालयच म्हणतात, हा योगायोग पुढे आम्हांस फार बोचला.) चूल बदलली की स्वयंपाकघरातील सर्वांच्याच सवयी बदलाव्या लागतात. म्हणूनच अद्ययावत केल्यावर बिघडते ते बहुधा आपण ज्याला हात लावला ते नसते, तर त्याच्या पाठीमागे तिसऱ्याच ठिकाणी असलेले काही तरी असते.

श्रावणाच्या सुमारास पहिली कुरबुर ऐकू आली. पुस्तक परत घेताना टेबलावरची मुलगी पुस्तकावरचा क्रमांक यंत्रात घाली. एरवी नोंद पडद्यावर येई आणि ‘परत’ असे एक बटण दाबले की काम होई. आता मधूनच ‘नोंद सापडली नाही’ असे येऊ लागले. समोर गर्दी, पुस्तक तर हातात आले; तेव्हा ती ते फळीवर ठेवून देई. बिचारीने दुसरे काय करावे?

दिवाळीपूर्वी कार्यकारिणीने, रिवाजाप्रमाणे, पुस्तके न परतवणाऱ्या सभासदांची यादी यंत्रातून काढून फलकावर लावली. त्या यादीत आमच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींचे नाव होते. अर्ध्या गावाला ज्यांनी बाराखडी शिकवली, जे पुस्तकाला वर्तमानपत्राचे वेष्टण घातल्याशिवाय ते घरी उघडत नाहीत, त्यांच्या नावापुढे एक आत्मचरित्र थकीत म्हणून नोंदलेले. गुरुजी आले, चष्मा वर करून यादी वाचली, आणि टेबलाशी येऊन शांतपणे म्हणाले, “बाळ, पुस्तक माझ्या घरी नाही. मी ते तुझ्याच हाती दिले.” कोणी तरी म्हणाले, “गुरुजी, वय झाले की विसर पडायचाच. भरून टाका पुस्तकाची किंमत, म्हणजे झाले.” गुरुजींनी खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले, पावती घेतली नाही, आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे वाचनालयात येणे बंद झाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. पण येथे तर चोरही नव्हता! यानंतर हा केवळ यंत्राचा बिघाड राहिला नाही. ऐंशी वर्षे जपलेला एक शब्द पणाला लागला होता. आम्ही त्या मुलाला बीदरहून बोलावून घेतले.

बिघाड शोधण्याची रीत वैद्याच्या रीतीहून निराळी नाही. आधी नाडी पाहावी, मग औषध. ‘बंद करून पुन्हा सुरू करा’, ‘सगळे पुसून नव्याने बसवा’ असे सल्ले देणारे पुष्कळ भेटले. परंतु सगळे पुसल्यावर दुखण्याबरोबर दुखण्याचा पुरावाही जातो. आम्ही प्रथम एवढेच केले की, नव्या नोंदी थांबवल्या आणि चौदा कपाटांतील पुस्तके हाताने तपासण्यास बसलो. पुस्तक घ्यायचे, क्रमांक यंत्रात घालायचा, सापडला तर एक खूण, न सापडला तर दुसरी. दोन रविवार यात गेले. गुरुजींचे पुस्तक पहिल्याच कपाटात, आपल्या जागी, निवांत उभे होते.

तपासणीच्या शेवटी जो तक्ता हाती आला तो मोठा चमत्कारिक होता. दुसऱ्या कपाटापासून नवव्या कपाटापर्यंत एकही नोंद हरवलेली नव्हती. हरवलेल्या सर्व नोंदी पहिल्या कपाटातील, किंवा दहाव्यापासून चौदाव्या कपाटापर्यंतच्या. तेथेही सगळ्या नाहीत. काही सापडत, काही नाही. दुसरे असे की, क्रमांकाने न सापडणारे पुस्तक नावातील एखाद्या शब्दाने शोधले तर तत्काळ सापडे. म्हणजे नोंद होती. तिच्याकडे जाण्याची एक वाट बुजली होती, दुसरी उघडी होती.

या दोन वाटांचा भेद असा. यादी ज्यात साठवलेली आहे तो डेटाबेस पोस्टग्रेस नावाचा. अमेरिकेच्या बर्कले येथील विद्यापीठात १९८६ मध्ये त्याचा आरंभ झाला. अशा डेटाबेसमध्ये एखादी नोंद काढण्याचे दोन मार्ग असतात. एक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे वाचत जाणे. दुसरा, आधीच क्रमवार लावून ठेवलेल्या सूचीवरून थेट त्या पानावर जाणे. शब्दकोशात आपण ‘पारिजात’ शोधतो तेव्हा मधेच कोश उघडतो. ‘म’ दिसला की डावीकडे जातो, ‘न’ दिसला की उजवीकडे. प्रत्येक वळणावर आपला भरवसा एकाच गोष्टीवर असतो. तो असा की, कोश लावणाऱ्याला आणि आपल्याला वर्णांचा एकच क्रम ठाऊक आहे.

तो क्रमच बदलला तर? आमच्या मुलाच्या डोक्यात हा विचार आला आणि त्याने प्रणालीची दैनंदिनी उघडली. या प्रणाली कोणते गाठोडे कोणत्या दिवशी कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले याची ओळ न् ओळ टिपून ठेवतात. एवढा चोख कारकून कचेरीतही मिळणे कठीण. जुलैच्या त्या दिवसाखाली इतर शेकडो ओळींत एक ओळ होती: सी भाषेचे सामाईक ग्रंथालय, २.२४ वरून २.२८ वर. अक्षरांची तुलना करून कोणते आधी व कोणते नंतर हे ठरवण्याचे काम याच ग्रंथालयाकडे असते. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या २.२८ या आवृत्तीत अनुक्रमाचे नियम आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार नव्याने लावले गेले. या बदलाने जुन्या सूच्या निकामी होऊ शकतात असा इशारा पोस्टग्रेसच्या जाणकारांनी लिहून ठेवला होता. पडताळ्याची युक्तीही दोन ओळींची होती. एका ओळीत ‘१-१’ लिहावे, दुसऱ्या ओळीत ‘११’ लिहावे, आणि यंत्राला त्या क्रमाने लावण्यास सांगावे. जुन्या नियमाने ‘११’ आधी येतो, नव्या नियमाने ‘१-१’ आधी येतो. मुलाच्या घरी जुन्या आवृत्तीचे एक यंत्र होते. दोन्हींवर करून पाहिले. दोन उत्तरे आली.

वाचकहो, आमच्या पुस्तकांचे क्रमांक असे असतात: आधी कपाट, मग जोडरेघ, मग पुस्तक. पहिल्या कपाटातील १२४ वे पुस्तक ‘१-१२४’ आणि बाराव्या कपाटातील चौथे पुस्तक ‘१२-४’. जुन्या नियमात जोडरेघ आरंभी जणू नाहीच असे धरून तुलना होई. त्यामुळे ‘१-१२४’ म्हणजे ११२४, ‘११-२४’ म्हणजेही ११२४, आणि दोन्ही शेजारी शेजारी. पहिल्या कपाटाची पुस्तके अशी दहाव्या-अकराव्या-बाराव्या कपाटांत मिसळलेली. नव्या नियमात जोडरेघेला स्वतःचे स्थान आहे व ते अंकांच्या आधी आहे. म्हणून पहिल्या कपाटाची सर्व पुस्तके ओळीने आधी येतात आणि मग दहावे कपाट सुरू होते. दोन ते नऊ या कपाटांच्या आरंभीच्या अंकाशी दुसऱ्या कोणाचा घोळ होण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून ती शाबूत राहिली. तक्त्यातील कोडे सोळा आणे सुटले!

गंमत अशी की, नवा नियमच आमच्या दृष्टीने अधिक शहाणा. कोणत्याही ग्रंथपालाने पुस्तके याच क्रमाने लावली असती. नवा नियम करणाऱ्यांचे चुकले नव्हते, आणि जुन्या नियमाने सूची लावणारा डेटाबेसही आपल्या परीने बरोबर होता. सूची जुन्या क्रमाने लावलेली आणि वाट विचारणारा नव्या क्रमाचा, एवढ्यानेच प्रत्येक वळणावर पाऊल भलतीकडे पडत होते. डेबियनमध्ये डेटाबेसची नवी आवृत्ती जुन्याच्या शेजारी बसते आणि माहिती जुन्यातच राहते. ती आपण होऊन हलवली जात नाही. त्यामुळे जुनी सूची जशीच्या तशी उरली होती.

आम्हा सीमेवरच्या लोकांना ही गोष्ट समजण्यास खरे तर वेळ लागू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हैदराबाद संस्थानातील जुना बीदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. काही भाग आंध्रात गेला. जमीन तसूभरही हलली नाही. विहीर तेथेच, बांध तेथेच, माहेर-सासरची वाटही तीच. पण कागद कोणत्या कचेरीत पाहायचा, कोणत्या लिपीत वाचायचा, हे बदलले. निजामी अमलातील उर्दू कागद घेऊन कन्नड कचेरीच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या कथा आमच्या घरोघरी आहेत. शेत समोर दिसत असे आणि ‘नोंद सापडत नाही’ असे उत्तर मिळे. पुढे गुलबर्ग्याचे २०१४ मध्ये अधिकृतपणे कलबुर्गी झाले, हैदराबाद-कर्नाटकाचे २०१९ मध्ये कल्याण-कर्नाटक झाले. नव्या नावांनी माणसे बदलत नाहीत. पण जुन्या नावाने शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

अक्षरांच्या क्रमाचेच पाहा. आमच्या गावात मराठी शाळेतले मूल ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर शिकते, आणि कन्नड शाळेतलेही तसेच शिकते. यंत्रातील अक्षरांच्या मूळ क्रमतक्त्यात मात्र ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी, ‘व’च्या आधी बसवलेला आहे. उर्दू शाळेतील मुलाची वर्णमाला तर अलिफ-बेपासूनच निराळी. क्रम हा निसर्गाने दिलेला नसतो; तो माणसांनी आपसांत केलेला करार असतो. करार बदलण्यास हरकत नाही, पण बदलल्याची खबर सर्वांना लागली पाहिजे.

उपाय निदानाच्या मानाने साधा होता. डेटाबेसमधील सर्व नोंदी उतरवून घेताना यंत्र सूचीचा आधार घेत नाही; पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जाते. म्हणून उतरवलेल्या प्रतीत सर्व पुस्तके होती, एकही गहाळ नव्हते. ही प्रत नव्या आवृत्तीच्या डेटाबेसमध्ये भरली की सूची नव्या क्रमाने आपोआप तयार व्हावी. आम्ही भरू लागलो, आणि शेवटच्या पायरीशी यंत्र अडून बसले. एकाच क्रमांकाची दोन पुस्तके आहेत, मी सूची करणार नाही, असे त्याचे म्हणणे.

याचेही मूळ तेच. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीर येथे ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. उदगीर आमच्या शेजारचे. गावातून बरीच मंडळी गेली आणि तेथून वाचनालयासाठी पुस्तके घेऊन आली. त्यांची नोंद पावसाळ्यात, म्हणजे प्रणाली बदलल्यानंतर, झाली. नवा क्रमांक घालताना तो आधी वापरला आहे काय हे यंत्र सूचीतच पाहते. सूचीची वाट चुकलेली. त्यामुळे वापरलेले काही क्रमांक त्याला मोकळे वाटले आणि ते त्याने दुसऱ्यांदा दिले. आता दोन पुस्तकांपैकी क्रमांकाचा खरा धनी कोण? यंत्राला दोन्ही सारखेच खरे.

याचे उत्तर यंत्रात नव्हते. ते वाचनालयाच्या जुन्या लोखंडी पेटीत होते. कापडी पुठ्ठ्याच्या सहा नोंदवह्या, पहिल्या ग्रंथपालांच्या वळणदार अक्षरातील: दाखल तारीख, क्रमांक, पुस्तक, लेखक, किंमत, कोणाकडून मिळाले. याच वह्या ‘आता यंत्रात सगळे आहेच’ म्हणून रद्दीत घालण्याचा विचार आदल्याच वर्षी झाला होता, आणि पेटीची किल्ली सापडली नाही म्हणून तो राहून गेला होता. आम्ही वह्या उघडल्या, एकेक क्रमांक लावून पाहिला, जुन्या पुस्तकाला त्याचा क्रमांक ठेवला, नव्याला नवा दिला. संध्याकाळी यंत्राने निमूटपणे सूची पुरी केली. पुन्हा चौदा कपाटांची तपासणी केली. एकही नोंद चुकली नाही.

त्यानंतर आम्ही, तो मुलगा आणि वाचनालयाचे अध्यक्ष गुरुजींच्या घरी गेलो. फलकावर त्यांचे नाव ज्या जागी लागले होते त्याच जागी खुलाशाचा कागद लावला होता. त्याची प्रत आणि त्यांचे पैसे अध्यक्षांनी त्यांच्यासमोर ठेवले. गुरुजींनी पैशांकडे पाहिले नाही. त्यांनी मुलाला विचारले, “नेमके काय झाले होते, ते मला सांग.” मुलाने पाटी मागून घेतली आणि ‘१-१’ व ‘११’ लिहून सगळे समजावले. गुरुजींनी शिष्यासारखे ऐकले, दोन शंका विचारल्या, आणि म्हणाले, “म्हणजे अक्षरे तीच, पाठ बदलला. मग जुन्या पाठाच्या मुलाला नापास कसे करायचे?” मग थोड्या वेळाने, “फक्त एक करा. पुढच्या वेळी यादी लावण्याआधी फळी पाहा.”

या एका वाक्यात बिघाडशोधनाचे सारे शास्त्र आहे असे आम्हांस वाटते. ज्यांच्या घरी, संस्थेत वा दुकानात असे यंत्र असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. प्रणाली अद्ययावत करावी, ती टाळण्यात शहाणपण नाही. मात्र आधी पूर्ण प्रत काढावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर खरोखर उघडते हेही पाहावे. काय बदलले याची दैनंदिनी यंत्र ठेवते, ती वाचावी. डेटाबेस असेल तर प्रणालीची मोठी आवृत्ती बदलल्यावर त्याच्या सूच्या नव्याने बांधाव्यात. आणि दोन-चार नोंदी सापडल्या म्हणून सगळ्या सापडतील असे मानू नये. जेथे गर्दी आणि सरमिसळ आहे तेथील नोंदी मुद्दाम तपासाव्यात.

हैदराबाद, बडोदे, इंदूर अशा शहरांतील जुन्या मराठी ग्रंथालयांतही पूर्वसूरींच्या हातच्या अशा वह्या असतील. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यांचे मोल अधिक आहे. कारण आपल्या अनेक पुस्तकांची दुसरी प्रत शेजारच्या गावी मिळत नाही, आणि येथे अमुक पुस्तक होते याची दुसरी साक्षही नसते. ‘नोंद नाही’ या दोन शब्दांवर पुस्तक बाद होते, आणि कधी कधी माणूसही.

आमच्या वाचनालयात आता नवे पुस्तक आले की ते यंत्रात चढते आणि त्याच दिवशी सातव्या वहीतही शाईने लिहिले जाते. वही लिहिण्याचे काम गुरुजींनी मागून घेतले आहे. त्यांचे अक्षर थोडे कापते. पण क्रमांक आणि जोडरेघ मात्र ते ठळक काढतात.